आलिशान एसयूव्हीचे म्हातारपण आणि दुरुस्तीचा हिशेब

सन २००५ ते २०१२ या काळात भारतातील सधन कुटुंबांच्या दारात ज्या मोठ्या आलिशान एसयूव्ही आल्या, त्या आता वयाच्या अशा टप्प्यावर पोहोचल्या आहेत, की त्यांच्या मालकांना दर वर्ष-सहा महिन्यांनी एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते: गॅरेजने सांगितलेला खर्च करून गाडी चालू ठेवायची, की ती विकून अथवा भंगारात काढून मोकळे व्हायचे. ऑडी क्यू-७, बीएमडब्ल्यू एक्स-५, मर्सिडीज-बेंझच्या एमएल आणि जीएल, लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्ट ही या पिढीतील ठळक नावे होत. महाराष्ट्राचा या कंपन्यांशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जातात, आणि टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही कंपनी विकत घेतल्यानंतर २०११ पासून लँड रोव्हरची जोडणीही पुण्यात सुरू झाली. तरीही या गाड्या बाळगण्याचा खरा खर्च त्यांच्या खरेदीच्या वेळी जितका बोलला जातो, त्याच्या दशांशानेही त्यांच्या उतारवयात बोलला जात नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी एक विसंगती आहे. पाऊण कोटीला घेतलेली गाडी पंधरा वर्षांनी नव्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीला विकली जाते; परंतु तिच्यातील गिअरबॉक्स, टर्बो किंवा हवेवर चालणारे सस्पेन्शन यांच्या सुट्या भागांचे दर त्या घसरणीबरोबर खाली येत नाहीत, कारण यंत्राची गुंतागुंत आणि भागांची घडण पाऊण कोटीच्याच गाडीची राहते. परिणामी, लहान मोटारीच्या बाबतीत जो खर्च तिच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ ठरतो, तसाच एखादा खर्च या गाड्यांच्या बाबतीत उरलेल्या किमतीच्या निम्म्यावर किंवा पुढे जातो, आणि मालक बुचकळ्यात पडतो.

अशा वेळी सर्रास सांगितला जाणारा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीजवळ पोहोचला की गाडी काढून टाकावी. या नियमाला खरा आधार आहे तो विम्याच्या व्यवहारात. मोटार विम्यात गाडीचे जे मूल्य पॉलिसीवर लिहिलेले असते, त्याला विमित घोषित मूल्य म्हणजे आयडीव्ही म्हणतात. ते नव्या गाडीच्या सूचिबद्ध किमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढले जाते, पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पुरे होईपर्यंत १५ टक्के, असे करत चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात ५० टक्के, आणि पाच वर्षांनंतर विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, की विमा कंपनी गाडी संपूर्ण नुकसान झालेली मानते आणि मूल्य चुकते करून मोकळी होते. विमा कंपनीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण तिला गाडी चालवायची नसते, फक्त दावा मिटवायचा असतो. मालकाला मात्र गाडी चालवायची असते; त्याने विमा कंपनीचा मापदंड जसाच्या तसा उचलला, तर तो आपल्या नसलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसतो.

बाजारभाव हा अशा गाडीच्या उपयुक्ततेचा विश्वासार्ह मापक का नाही, याचे स्पष्टीकरण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दिले आहे, आणि पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचे जे तीन मानकरी ठरले, त्यांत त्यांचा समावेश झाला तो मुख्यतः याच विचारासाठी. जुन्या गाडीतील दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात; त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी संशयास्पद मानून भाव सांगतो, आणि नीट सांभाळलेल्या गाडीलाही दुर्लक्षित गाडीचाच भाव मिळू लागतो. आलिशान एसयूव्हीच्या बाबतीत हा संशय सर्वांत तीव्र असतो, कारण त्यात दडलेला एकच दोष लाखांचा असू शकतो. ज्या मालकाने वेळेवर तेल बदलले, प्रत्येक पावती जपून ठेवली आणि गळती दिसताच बंद केली, त्याच्याजवळ असलेली माहिती बाजार किमतीत धरत नाही. म्हणून त्याच्या दृष्टीने गाडीचे मूल्य बाजारभावाहून जास्त असू शकते, आणि उलट दिल्लीहून किंवा दुसऱ्या शहरातून स्वस्तात मिळाली म्हणून इतिहास न पाहता गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने ते बाजारभावाहूनही कमी असू शकते.

यंत्र केव्हा बदलावे याचा शास्त्रशुद्ध विचार कसा केला जातो, हे दाखवणारा एक प्रसिद्ध अभ्यास १९८७ मध्ये जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने प्रकाशित केला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन शहरात सार्वजनिक बससेवेच्या देखभाल विभागाचे प्रमुख असलेले हॅरल्ड झर्कर हे बसचे इंजिन किती मैलांनंतर बदलतात, याच्या नोंदी घेऊन रस्ट यांनी त्या निर्णयामागचे गणित मांडले. त्या गणितात आजवर इंजिनावर झालेल्या खर्चाला कोठेही स्थान नव्हते. विचारात घेतलेल्या गोष्टी दोनच: आज इंजिन बदलण्याचा ठरलेला खर्च, आणि न बदलल्यास पुढे चढत जाणारा देखभालीचा व अचानक बिघाडाचा संभाव्य खर्च. मोटारीच्या मालकाला नेमकी हीच दृष्टी अवघड जाते. गेल्या वर्षी सस्पेन्शनवर तीन लाख घातले म्हणून यंदा गिअरबॉक्सवर घालणे भाग आहे, असे त्याला वाटते. गेल्या वर्षीचे तीन लाख दोन्ही पर्यायांत सारखेच गेलेले असतात. त्यांचा उपयोग एवढाच, की सस्पेन्शन आता काही वर्षे खर्च मागणार नाही ही माहिती पुढील अंदाजात धरता येते.

हा हिशेब आकड्यांत मांडला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. समजा, एखादी गाडी बिघडलेल्या स्थितीत ३ लाख रुपयांना जाईल, दुरुस्तीला ४ लाख लागतील, त्यानंतर ती तीन वर्षे चालेल, नित्याच्या देखभालीला वर्षाला दीड लाख पडतील आणि शेवटी ती पुन्हा ३ लाखांना विकली जाईल. आज न विकल्यामुळे सोडलेले ३ लाख, दुरुस्तीचे ४ लाख आणि देखभालीचे साडेचार लाख यांतून शेवटी मिळणारे ३ लाख वजा केले, तर तीन वर्षांचा खर्च साडेआठ लाख, म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार होतो. याच्या तुलनेत ८० लाखांची नवी आलिशान एसयूव्ही विम्याच्या घसारा पद्धतीने पाहिली तरी पाच वर्षांत ४० लाख गमावते, म्हणजे वर्षाला ८ लाख. त्यात महाराष्ट्रात २० लाखांवरील डिझेल मोटारीवर लागणारा १५ टक्के एकरकमी कर वेगळाच. येथे जुनी गाडी सहज जिंकते, आणि गॅरेजमध्ये मालकाला समजावताना बहुधा हीच तुलना पुढे केली जाते. परंतु ती अपुरी आहे. जुन्या आलिशान गाडीची जागा बहुतेक घरांत नवी आलिशान गाडी घेत नाही. ती घेते पंधरा-वीस लाखांची साधी, नवी एसयूव्ही. १८ लाखांची डिझेल गाडी पाच वर्षांत ९ लाख गमावते आणि तिच्यावर १४ टक्के कर लागतो, म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला सुमारे २ लाख ३० हजार, आणि वर नित्य देखभाल. याचा अर्थ दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीत येतात, आणि निर्णय एका शक्यतेवर येऊन ठेपतो: त्या तीन वर्षांत दुसरी ४ लाखांची दुरुस्ती उद्भवली, तर जुन्या गाडीचा वार्षिक खर्च ४ लाखांपुढे जातो आणि पारडे फिरते. म्हणून समोर आलेल्या बिलाच्या रकमेपेक्षा, त्या बिलानंतर आणखी काय बिघडू शकते याचा अंदाज अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि तो अंदाज गाडीच्या कोणत्या अंगाला वय झाले आहे यावर अवलंबून असतो.

रबर आणि प्लॅस्टिक हे भाग किलोमीटरपेक्षा काळाने जास्त झिजतात. उष्णता, हवेतील ओझोन आणि तेलाचा संपर्क यांनी रबर कडक होऊन तडकते, तर इंजिनाजवळचे प्लॅस्टिकचे पाण्याचे पाइप ठिसूळ होऊन हाताच्या दाबानेही मोडू लागतात. म्हणूनच पंधरा वर्षांत केवळ ६० हजार किलोमीटर धावलेली गाडी नव्यासारखी असते हा समज चुकीचा आहे. या गटातील सर्वांत खर्चिक भाग म्हणजे हवेचे सस्पेन्शन. त्यात पोलादी स्प्रिंगऐवजी रबराच्या फुग्यांत कोंडलेली हवा गाडीचा भार पेलते, आणि एक विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हवा भरून गाडीची उंची कायम ठेवतो. फुग्याला बारीक चीर पडली, की रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. कॉम्प्रेसर ती उचलण्यासाठी पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि अखेर जळतो. फक्त कॉम्प्रेसर बदलून फुगा तसाच ठेवला, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच मार्गाने जातो, आणि जुन्या एसयूव्हीवरील वारंवार होणाऱ्या खर्चाचा मोठा हिस्सा अशा क्रम चुकलेल्या दुरुस्तीचा असतो. तरीही हा बिघाड गाडी काढून टाकण्याचे कारण क्वचितच ठरावा, कारण त्याचे कारण समजते, खर्च आधी सांगता येतो आणि नीट काम झाल्यास तो काही वर्षे परत येत नाही.

गिअरबॉक्सचे तसे नाही. बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरच्या या काळातील अनेक एसयूव्हींत झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. मोटार कंपन्यांच्या सेवापुस्तिकांत त्याचे तेल आयुष्यभरासाठी पुरेसे असल्याचे मानले गेले. खुद्द झेडएफचा सल्ला मात्र चालवण्याच्या पद्धतीनुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर अथवा आठ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे असा आहे. या तेलाखालचे तबक प्लॅस्टिकचे असून गाळणी त्यातच बसवलेली असल्याने दोन्ही एकत्र बदलावी लागतात, आणि त्यामुळे हे काम साध्या तेलबदलाहून महाग पडते. ज्या गाडीत हे काम वेळेवर झाले त्या गाडीचा गिअरबॉक्स पुढेही भरवशाचा राहण्याची शक्यता बरीच. ज्या गाडीत ते पंधरा वर्षांत एकदाही झाले नाही आणि गिअर बदलताना झटके बसू लागले आहेत, त्या गाडीवरील इतर कोणताही मोठा खर्च करण्यापूर्वी गिअरबॉक्सची अवस्था तपासून घेणे मालकाच्या हिताचे आहे.

इंजिनाच्या बाबतीत सुट्या भागांहून मजुरी भारी पडते. ऑडीच्या तीन लिटर व्ही-६ डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी जुळवून ठेवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. तिचा ताण धरणारा भाग झिजून थंड इंजिन सुरू करताना खडखड येऊ लागली, तर तेथे पोहोचण्यासाठीच इंजिन अथवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये टर्बोपर्यंत जागा इतकी अपुरी आहे, की अनेक गॅरेजांत सांगाड्यावरून संपूर्ण बॉडी उचलून काम केले जाते. गाडी अशी एकदा खोललीच, तर त्या वाटेत येणारे पाइप, सील आणि बुश त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण पुढच्या वेळी त्यांच्यासाठी पुन्हा तीच मजुरी मोजावी लागते. मात्र लँड रोव्हरच्या व्ही-६ डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याचे जे प्रकार जगभर घडले आहेत, तो टप्पा आला की विचार बदलावा लागतो. तेथे इंजिनच बदलावे लागते, भंगारातून आणलेल्या इंजिनाचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, आणि नव्याचा खर्च उरलेल्या आयुष्यात वसूल होत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण पाण्याचे आहे, आणि कोकण, मुंबई, ठाणे अथवा गोव्यात गाडी वापरणाऱ्याने त्याचा विचार इतर सर्व बिघाडांच्या आधी करावा. या गाड्यांत इंजिन, ब्रेक, दारे, दिवे, आसने अशा प्रत्येक कामासाठी वेगळे संगणकीय नियंत्रक असतात आणि ते कॅन नावाच्या, बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मोजक्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. हे नियंत्रक आणि त्यांच्या जोडण्या बऱ्याचदा आसनांखाली, पायांजवळच्या गालिच्याखाली किंवा मागच्या सामानाच्या जागेत असतात. छतावरील काचेच्या सनरूफभोवती साचणारे पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या झाडाच्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या, की पावसाचे पाणी छताच्या अस्तरातून उतरून याच जागी साठते. गाडी पुरात न सापडताही आतून भिजते. तांब्याच्या जोडण्यांवर हिरवा गंज धरू लागला, की आज दार उघडत नाही, उद्या गिअर अडकतो, परवा सर्व ठीक असते, अशी लक्षणे दिसतात आणि प्रत्येक लक्षणामागे वेगळा भाग बदलला जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून पुरात सापडलेल्या गाड्यांचा प्रश्न मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. डॅशबोर्डपर्यंत पाणी चढलेली आलिशान एसयूव्ही दुरुस्त करू नये. तिच्या तारांतील क्षरण कोणत्याही बिलाने संपत नाही, आणि पुढचा खर्च कोणालाही आधी सांगता येत नाही. सनरूफच्या नळ्या मात्र पावसाळ्यापूर्वी साफ करायला अत्यल्प खर्च येतो.

दुरुस्तीचा खर्च किती, याचे उत्तर दुरुस्ती कोण करतो यावरही ठरते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संपूर्ण जुळणी बदलण्याकडे कल असतो, तर कुशल स्वतंत्र गॅरेज त्यातील झिजलेला भागच बदलू शकते, पण त्यासाठी त्याला मूळ भाग आणि तपासणीची संगणकीय साधने मिळावी लागतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयात १४ मोटार कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे सुटे भाग आणि साधने स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याबद्दल, दोषी ठरवून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचा समावेश आहे. हा हक्क जुन्या गाडीच्या मालकासाठी फार मोलाचा आहे, कारण वाजवी दरात काम करणारा जाणता मिस्त्री जवळ असणे वा नसणे, यावर एकाच गाडीचा हिशेब पूर्ण उलटू शकतो. संगणक जोडून मिळणारा बिघाडाचा कोड म्हणजे निदान नव्हे. कोड फक्त कोणत्या परिपथात विसंगती आहे ते सांगतो, आणि तेथून पुढे तार, सेन्सर की नियंत्रक हे शोधण्याची मेहनत न घेता थेट भाग बदलणारे गॅरेज महागात पडते. मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत मायापुरी येथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. दार, आरसा, दिवा यांसाठी तो मार्ग उत्तम आहे, परंतु नियंत्रक गाडीशी संगणकाने जुळवावा लागतो, आणि एअरबॅग अथवा ब्रेकचा भाग वापरलेला घेऊच नये. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलण्याची जी जगव्यापी मोहीम झाली, तिच्यात या पिढीतील अनेक आलिशान एसयूव्ही होत्या. चासी क्रमांक अधिकृत केंद्रात दाखवून ते काम बाकी आहे का, हे विचारता येते, आणि ते विनामूल्य केले जाते.

उरतो कायद्याचा भाग. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ५ हजार रुपये, पण परदेशातून पूर्ण तयार आयात झालेल्या मोटारीला ४० हजार रुपये आहे, आणि २० वर्षांपुढील वाहनांसाठी २०२५ मध्ये ते दुप्पट करण्यात आले; सुरुवातीच्या काळातील बऱ्याच आलिशान एसयूव्ही आयात केलेल्या असल्याने मालकाने आपल्या आरसी पुस्तिकेतील नोंद आधी पाहावी. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही भरावा लागतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवरील जी बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, तिच्या अंमलबजावणीत नंतर बरेच चढउतार झाले असले, तरी तिच्यामुळे तिकडच्या अनेक एसयूव्ही कमी भावात इतर राज्यांत आल्या, आणि त्यांनी महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांचे भावही खाली ओढले. नूतनीकरणाची तारीख जवळ आली की विम्याचा हप्ता, टायर आणि तपासणीसाठीची कामे एकाच वेळी समोर येतात, म्हणून गाडी ठेवायची की काढायची हे तिच्या सहा महिने आधी ठरवलेले बरे. त्या वेळी नोंदणीची मुदत शिल्लक असल्याने विक्रीचा भावही बरा येतो.

काढायचे ठरले, तर गाडी गल्लीतील भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे नोंदणी रीतसर रद्द होते, जुना चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढण्याचा धोका राहत नाही, आणि मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवे खासगी वाहन घेताना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्रीय नियमांनी राज्यांना दिली आहे. थकीत दंड आणि कर्जाची नोंद मात्र त्याआधी मिटवून घ्यावी लागते.